कुमुदकाकूंचं हसू

माझ्या कामाचं नाव रायपुरात कोणाच्या तोंडात कधी नीट बसलं नाही. सरकारी दवाखान्यात होते तेव्हा मी 'कसरतवाली दीदी' होते, आणि निवृत्तीनंतर लोकांच्या घरी जाऊ लागले तेव्हा 'मालिशवाली दीदी' झाले. मालिश मी आयुष्यात केली नाही. पण फिजिओथेरपिस्ट म्हटलं की समोरचा माणूस अशा नजरेने पाहायचा, की मीच म्हणायचे, "हव, तेच समजा."

कुठे शिकले, कुठे नोकरी लागली, किती पगार होता, हे सगळं मी गाळणार आहे. वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याकडून इकडे आले, मी इथलीच झाले, एवढं पुरे. नवरा गेला. मुलगी बंगळुरूला असते. आता गुडघे दुखतात म्हणून घरोघर जाणंही बंद केलं आहे. दुसऱ्यांच्या गुडघ्यांना आयुष्यभर शहाणपण शिकवलं, माझे काही ऐकत नाहीत.

आमचं काम म्हणजे काय, ते आधी सांगते. माणसाला लकवा मारतो तेव्हा हात बहुधा शाबूत असतो. हाड, स्नायू, कातडी सगळं जागेवर. बिघाड मेंदूत असतो. मेंदू त्या हाताला हाक मारायचं विसरतो. आम्ही त्याला ती हाक पुन्हा शिकवतो. सदर बाजारातले एक सोनार माझ्याकडे यायचे. उजवा हात मेल्यासारखा लटकायचा. मी टेबलावर मधोमध एक आरसा उभा करायची. उजवा हात आरशाच्या मागे, डावा पुढे. डाव्याची बोटं हलवायची आणि नजर आरशात ठेवायची. आरशात डावा हात उजव्यासारखा दिसतो. मेंदूला वाटतं, अरे, उजवा तर चालतो आहे. पहिल्या दिवशी ते घाबरून म्हणाले, "दीदी, ये किसका हाथ है?" पुढे काही महिन्यांनी त्यांना त्या हाताने चहाचा कप उचलता येऊ लागला. नथ घडवणारी बोटं मात्र परत आली नाहीत. ते दुकानात गादीवर बसायचे आणि भावाचे हात पाहत राहायचे.

आरशाचा असा उपयोग का होतो, याचं एक कारण शास्त्रज्ञ सांगतात. परदेशात माकडांच्या मेंदूचा अभ्यास करताना त्यांना काही पेशी अशा सापडल्या, की माकडाने दाणा उचलला तरी त्या जाग्या होतात आणि दुसऱ्याला उचलताना नुसतं पाहिलं तरी जाग्या होतात. म्हणून त्यांना आरसा-पेशी म्हणतात. माणसात त्या नेमकं किती आणि काय करतात, यावर अजून वाद चालू आहे, आणि तो वाद मिटवायला मला कोणी बोलावलेलं नाही. पण समोरचा जांभई देतो आणि आपलं तोंड उघडतं, कोणाचं बोट दारात सापडतं आणि आपण हात झटकतो, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. समोरच्या माणसाचं आपल्या आत थोडंसं घडतं. आपल्याला दुसऱ्याचं मन कळतं ते बरंचसं असंच.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. समजलं ते ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, ढोबळ्यांच्या घरी.

ढोबळे काकाजी माझ्या वडिलांसारखेच रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. मूळचे अमरावतीकडचे. घरात ते आणि कुमुदकाकू, दोघंच. मुलगा नितीन हैदराबादला. काकूंना पार्किन्सन होता. अंग आखडतं, पावलं लहान लहान पडतात, दारातून जाताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि कसरत सांगितली होती, म्हणून काकाजींनी मला बोलावलं.

उन्हाळा होता. बाहेरच्या खोलीत कूलर चालू होता आणि त्याच्यासमोर काकाजी टीव्ही पाहत बसले होते. काकू आत, पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून. त्यांना खुर्चीवर बसवलं, खांदे मोकळे केले, उठायला-बसायला शिकवलं. त्यांनी सांगितलं ते सगळं केलं. पण सगळा वेळ चेहरा कोरा. पापणीसुद्धा क्वचित लवायची. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात हे मला माहीत होतं, तरीही त्या माझ्यावर रागावल्या आहेत असंच मला वाटत राहिलं.

निघताना काकाजी जिन्यापर्यंत आले. आवाज खाली आणून म्हणाले, "दीदी, एक गोष्ट सांगू का? हातापायाचं जाऊ द्या. तिचं मनच उडालं माह्यावरून."

"असं काहून म्हणता काकाजी?"

"मी काही बोललो तर नुसती पाहते, दगडासारखी. पहिले केवढी हासायची! माह्या एकेका गोष्टीवर पदर तोंडात धरायची. आता मी बोलणंच सोडलं. जेवतो बी बाहेरच, टीव्हीपुढे. ती आत जेवते."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काकाजींचा चेहराही तसाच झाला होता. कोरा. भुवया हलत नव्हत्या, ओठ मिटलेले. त्यांना कसलाही आजार नव्हता. रोज त्या एकाच चेहऱ्यासमोर राहून त्यांचाही चेहरा थांबला होता.

पुढच्या आठवड्यात मी काकूंची बोटं एकेक करून सोडवत होते. बाहेर काकाजींनी स्वयंपाकघरात काहीतरी पाडल्याचा आवाज आला. काकू अगदी बारीक आवाजात, एका सुरात म्हणाल्या, "कुकर असंल. काल ह्यांनी डाळीत साखर टाकली, मीठ समजून. अन् चूपचाप खाल्ली बी. दोन वाट्या."

मी हसले. मग थांबले, कारण त्या हसत नव्हत्या.

"मी बी हासून राहिली ना," त्या म्हणाल्या. "तुम्हाले नाही समजलं?"

"नाही काकू."

मग म्हणाल्या, "मले वाटे, ह्यांनाच माह्या हासण्याचा कंटाळा आला. मी तर दिवसभर हासते ह्यांच्यावर. साखरेवर किती हासली. हे उठून बाहेर गेले."

हातातली त्यांची बोटं मी तशीच धरून बसले. इतकी वर्षं या आजाराची माणसं हाताळली, कोऱ्या चेहऱ्याची नोंद लिहिली, आणि त्या चेहऱ्यामागे कोणी पोट धरून हसत असेल आणि त्याला स्वतःलाही कळत नसेल की ते हसू बाहेर पोचलं नाही, हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्याच दिवशी मी काकाजींना आत बोलावलं. म्हटलं, काकू तुमच्यावर हसतात. रोज. ते मानायलाच तयार नाहीत.

"मले खूश करायले सांगून राहिल्या तुम्ही."

"मी नाही सांगत. काकू सांगतील."

काकूंनी सांगितलं. डाळीतली साखर. उलटा घातलेला बनियन. फोनवर नितीनशी बोलताना काकाजी उभे राहून बोलतात, जणू साहेब समोर आहे. सगळं त्याच बारीक, सपाट आवाजात, त्याच कोऱ्या चेहऱ्याने. काकाजी ऐकत होते. मधेच उठले आणि गॅलरीत गेले. मला वाटलं रागावले. पाहिलं तर कठड्याला धरून, पाठमोरे, खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, ते मागून मला सांगता आलं नाही.

या आजारात एक विचित्र गोष्ट असते. आपोआप येणारं हसू जातं, पण ठरवून केलेलं हसू थोडंफार येतं. म्हणून चेहऱ्याची कसरत शिकवतात: भुवया उचला, गाल फुगवा, ओठ ताणा. हे आरशासमोर करायचं असतं. मी हातआरसा काढला तर काकूंनी तोंड फिरवलं. "नको. ही बाई मले पाहावत नाही," म्हणाल्या. मग मी आरसा ठेवून दिला आणि काकाजींची खुर्ची ओढून काकूंच्या समोर लावली. म्हटलं, "काकाजी, आजपासून तुम्ही करायचं आणि काकूंनी पाहून तसंच करायचं."

"मी? मी जिंदगीत कधी तोंड वेडंवाकडं नाही केलं. ऑफिसात माह्यासमोर कोणी चहा नाही प्यायचं."

"आता करा."

पहिले काही दिवस ते असे गाल फुगवायचे, जसा एखादा माणूस कर्ज फेडायला जातो. मग हळूहळू त्यांना गोडी लागली. भुवया उचलायचे, डोळे वटारायचे, जीभ काढायचे. एकदा काकाजींना काय झालं म्हणून खिडकीखालून भाजीवाली बाई छत्तीसगढीत ओरडली, "का होगे दीदी, काकाजी ला?" काकाजींनी तिच्याकडेच वळून गाल फुगवले. ती टोपली घेऊन भरभर पुढे गेली.

आणखी एक नियम मी घातला. आत जे होईल ते काकूंनी मोठ्याने सांगायचं. हसू आलं तर 'हासली' म्हणायचं. राग आला तर तेही. काकूंना तो पोरखेळ वाटला. पण त्याच दिवशी काकाजी उठताना त्यांच्या पायजम्याची नाडी खुर्चीत अडकली, आणि काकू म्हणाल्या, "हासली." एवढाच शब्द. जणू कोणी स्टेशनचं नाव पुकारलं. काकाजी तसेच अर्धे वाकलेले काकूंकडे पाहत राहिले आणि मग इतके मोठ्याने हसले की शेजारच्या मंदिरातल्या पुजाऱ्यांनी डोकावून पाहिलं. काकूंच्या ओठाची डावी कड किंचित हलली. माझ्या कामात याहून मोठा पगार मिळत नाही.

काकाजींचं ताट आत गेलं. दोघं समोरासमोर जेवू लागली. टीव्ही बाहेर एकटाच बोलायचा.

मी मात्र त्यांच्या घरून निघाले की थेट माझ्या घरी यायची, कुलूप उघडायची आणि टीव्हीपुढेच जेवायची. दिवसभर माझ्या समोर कोणी ना कोणी असायचं. मी हात उचलला की तोही उचलायचा, मी श्वास घेतला की तोही घ्यायचा. घरी आलं की हे सगळं एकदम थांबायचं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही होतं असंही वाटलं नाही.

मग नितीन सुट्टी काढून आला. वाईट मुलगा नव्हता. आईवडिलांची काळजी करून झोप उडालेला होता. मराठी त्याला सगळं समजायचं, पण बोलायचा हिंदीतच, आमच्याकडच्या बहुतेक पोरांसारखा. त्या दिवशी मी काकूंना चालवत होते. पलंगापासून दारापर्यंत आणि परत. नितीन आणि काकाजी तिथेच, खोलीत होते.

"पापा, मैंने नागपूर में एक जगह देखी है," नितीन म्हणाला. "नर्स है, डॉक्टर है, सब है. मम्मी वहाँ रहेंगी. आप मेरे साथ हैदराबाद चलो. आप अकेले कब तक करोगे?"

काकाजींचा रक्तदाब, त्यांचं वय, बाथरूममध्ये काकूंना धरताना एकदा दोघंही पडता पडता वाचली होती, हे सगळं मला माहीत होतं. नितीनचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काकाजींनी त्याआधी मला स्वतःच विचारलं होतं, "नागपूरच्या अशा जागा कशा असतात दीदी?"

"मम्मी के सामने..." काकाजी पुटपुटले.

नितीनने आईकडे पाहिलं. तो कोरा चेहरा, न लवणाऱ्या पापण्या. तो हळूच म्हणाला, "पापा, मम्मी को अब कुछ समझ में नहीं आता. आप भी जानते हो."

काकू दारात थांबल्या होत्या. पाय चिकटले होते. मी त्यांच्या कमरेला हात लावून उभी. अशा वेळी मी ताल देऊन पाऊल उचलायला लावते, पण त्या दिवशी ताल देणं राहून गेलं.

काकू बारीक आवाजात म्हणाल्या, "रडून राहिली."

"क्या?" नितीनने मला विचारलं. "क्या बोलीं?"

उत्तर देणं माझं काम नव्हतं.

काकाजी उठले. बायकोजवळ आले आणि त्यांनी माझ्या हाताच्या जागी आपला हात ठेवला. "रडून राहिली म्हणते. तुले नाही दिसणार. मले बी वर्षभर नाही दिसलं. तिले सगळं समजते नितीन. तुह्या लहानपणापासूनचं सगळं."

नितीन उभाच राहिला. मग आईसमोर जमिनीवर बसला आणि खालून तिच्या तोंडाकडे पाहू लागला, जसं लहान मूल पाहतं. त्याने विचारलं, आणि मराठीत विचारलं, "आई, राग आला का माझा?"

काकूंनी वेळ घेतला. त्यांच्या सगळ्याच गोष्टींना वेळ लागायचा.

"थोडासा," त्या म्हणाल्या.

नागपूर पुन्हा निघालं नाही. नितीनने दिवसभराची एक बाई लावून दिली आणि दर महिन्याला येऊ लागला. हे सगळं ऐकून वाटेल की आजार हरला. तो हरत नाही. गोळ्यांचा असर कमी कमी होत गेला. काकूंचं चालणं बंद झालं, मग बसणं अवघड झालं, आणि शेवटी आवाजही गेला. 'हासली' म्हणायला ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मग तेही थांबलं.

मी हरल्यासारखी झाले होते. काकाजींना म्हटलं, "आता मी येऊन फार उपयोग नाही. तुम्ही उगाच पैसे देता."

ते म्हणाले, "या तुम्ही. अन् इकडे पाहा, तुम्हाले एक दाखवतो." त्यांनी काकूंच्या गळ्याखाली, हाडाच्या खळगीजवळ बोट ठेवलं. "हासली का इथं श्वास अटकते. थोडासाच. पाहा." मग त्यांनी काकूंच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही, विचारलंही नाही. बोट ठेवलं होतं तिथे श्वास अडखळला, पुन्हा अडखळला. काकाजी हसत होते. त्यांचा चेहरा आता त्या खोलीतला एकमेव हलणारा चेहरा होता, आणि मला वाटतं, तो दोघांच्या वाट्याचं काम करत होता.

काकू पावसाळा संपता संपता गेल्या. झोपेत, सकाळी. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. काकाजी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते. डोळे कोरडे, चेहरा थांबलेला. एक बाई माझ्या शेजारी कुजबुजली, "पाहा ना, डोळ्यात पाणी बी नाही. सुटला म्हणायचा बिचारा." मला तिला खूप काही सांगायचं होतं. तिथे ते सांगायची जागा नव्हती. मी काकाजींच्या बाजूला जाऊन बसले. लोक येत होते, त्यांच्यासमोर हात जोडत होते, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि तिथे काही न सापडल्याने पुढे जात होते.

महिन्याभरात नितीन त्यांना हैदराबादला घेऊन गेला. ब्राह्मणपाऱ्यातल्या घराला कुलूप लागलं. त्याच सुमारास मीही काम सोडलं.

काम सोडल्यावर काय होतं, ते कोणी सांगत नाही. माझे दिवस आता असे जातात, की सकाळी दूधवाला, मग भाजी, दुपारी कूलर, संध्याकाळी बाल्कनी. मधे कोणाच्या तरी तोंडाकडे नीट पाहिलं असं होत नाही. एकदा मुलीने व्हिडिओ कॉल केला. बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "मम्मी, आप नाराज हो क्या मुझसे?" मी अजिबात नाराज नव्हते. उलट दोन दिवसांपासून तिच्या फोनची वाट पाहत होते, आणि आतून फार आनंदात होते. मी म्हटलं, "नाही गं, दमली आहे." तिने बरं म्हटलं आणि ऑफिसच्या कामाला लागली. मी फोन हातात घेऊन बसून राहिले. समोरचा चेहरा नसला की आपलाही हळूहळू आखडतो, हे मी इतरांना किती वेळा सांगितलं होतं.

दिवाळीच्या आधी काकाजींचा फोन आला. तोही व्हिडिओवाला. नातवाने लावून दिला आणि तो खेळायला पळाला. काकाजींना फोन धरता येत नव्हता. मला पडद्यावर छत दिसत होतं आणि छताला एक पंखा, हळूहळू फिरणारा. कधीमधी एक कान आणि पांढऱ्या केसांची कड यायची, पुन्हा पंखा.

"दीदी! दिसल्या तुम्ही! छान दिसून राहिल्या!" ते ओरडले.

ते सांगत राहिले. नितीन चांगला आहे, सून चांगली आहे, दोघं सकाळी जातात. खाली बगिच्यात म्हातारे बसतात, पण त्यांची भाषा यांना येत नाही, यांची त्यांना नाही. जेवण वेळेवर मिळतं. मग आवाज मधेच खाली गेला, आणि बराच वेळ फक्त पंखा फिरत राहिला. मी ऐकत होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, अडखळत होता.

मग त्यांनी विचारलं, "मी दिसतो ना तुम्हाले?"

पंखा फिरत होता.

"दिसता ना काकाजी," मी म्हटलं. "चांगले दिसता. जरा बारीक झाले तुम्ही."

"झालो खरा," ते म्हणाले. "तुम्ही बरोबर पाहिलं."